छायाचित्र-कार्डांचा गृहोद्योग : क्रिस्टिना ब्रूम यांच्या व्यवसायाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या प्रारंभी छायाचित्र छापलेले पोस्टकार्ड हे शुभेच्छा, खुशाली आणि स्मरण यांचे सर्वसामान्य माणसाचे साधन बनले. या कार्डांच्या इतिहासात मोठ्या मुद्रण-कंपन्यांची नोंद सविस्तर घेतली गेली आहे. घराच्या तळघरात कार्डे तयार करून रस्त्यावर विकणाऱ्या लहान उत्पादकांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात लंडनमधील क्रिस्टिना ब्रूम (१८६२–१९३९) यांचा व्यवसाय केंद्रस्थानी ठेवून या गृहोद्योगाचे तंत्र, अर्थकारण, श्रमविभागणी आणि त्यातील हक्काचा प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेतील समकालीन उदाहरणांच्या आधारे या व्यवसायाची नैतिक बाजू तपासली असून महाराष्ट्राच्या संदर्भात काही तुलनात्मक निरीक्षणे मांडली आहेत.

बीजशब्द : छायाचित्र-पोस्टकार्ड, गृहोद्योग, स्त्रीश्रम, स्वामित्वहक्क, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

सणासुदीला आप्तेष्टांना चित्रयुक्त कार्ड पाठविण्याची प्रथा आज जुनी वाटत असली तरी तिचे वय पावणेदोनशे वर्षांहून फारसे अधिक नाही. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी लंडनमध्ये जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे शुभेच्छापत्र तयार करवून घेतले. त्याच्या सुमारे १,००० प्रती काढण्यात आल्या आणि प्रत्येक प्रत एक शिलिंगला विकली गेली. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. त्या काळातील मजुराला हा दर परवडणारा नव्हता. पुढील साठ वर्षांत हीच वस्तू एक-दोन पेन्सना मिळू लागली आणि तिच्यावर चित्रकाराच्या कल्पनेऐवजी ओळखीच्या माणसाचा, गावाचा किंवा नुकत्याच घडलेल्या प्रसंगाचा खराखुरा ठसा उमटू लागला. हा बदल घडविण्यात मोठ्या कारखान्यांइतकाच वाटा लहान उत्पादकांचाही होता.

लहान उत्पादक म्हणजे मोठ्या कंपनीची छोटी प्रतिकृती, असे सामान्यतः समजले जाते. भांडवल वाढले की तोही मोठा होईल, असे त्यात गृहीत असते. हे गृहीतक तपासून पाहणे हा या लेखाचा प्रमुख हेतू आहे. त्या अनुषंगाने तीन प्रश्न उपस्थित होतात. अत्यल्प भांडवलाच्या माणसाला चित्रांचा प्रकाशक होणे कशामुळे शक्य झाले? या व्यवसायात प्रत्यक्ष श्रम कोणाचे होते आणि नाव कोणाचे झाले? विकल्या जाणाऱ्या प्रतिमेवर अधिकार कोणाचा : ती टिपणाऱ्याचा, विकत घेणाऱ्याचा, की तिच्यात दिसणाऱ्याचा?

तंत्र आणि टपाल : दोन पूर्वअटी

छायाचित्रांची स्वस्त विक्री प्रथम शक्य केली ती पॅरिसच्या दिस्देरी यांनी. १८५४ मध्ये त्यांनी एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. या छोट्या 'व्हिजिटिंग कार्ड' छायाचित्रांचा प्रसार १८६० च्या दशकात युरोप-अमेरिकेत वेगाने झाला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अमेरिकन वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांनी अशी स्वतःची छायाचित्रे सभांमधून विकून चरितार्थ आणि चळवळीचा खर्च भागविला. १८६४ मध्ये त्यांनी या छायाचित्राचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावावर नोंदविला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. जिचे शरीर एके काळी दुसऱ्याच्या मालकीचे होते, तिने स्वतःच्या प्रतिमेची मालकी कायद्याने आपल्याकडे घेतली आणि तिची विक्रीही स्वतःच केली. लहान प्रमाणावरील छायाचित्र-विक्रीच्या इतिहासात हक्काचा प्रश्न किती लवकर उपस्थित झाला होता, हे यावरून दिसून येते.

ही छायाचित्रे टपालाने उघडी पाठवायची मात्र नव्हती. ती गरज पोस्टकार्डाने भागविली. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले सरकारी पोस्टकार्ड निघाले. ब्रिटनमध्ये ते १८७० मध्ये अर्ध्या पेनीच्या दराने आले, तर हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड सुरू झाले. १८९४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने खाजगी कार्डांवर तिकीट लावून पाठविण्यास परवानगी दिली. तरीही एक अडचण शिल्लक होती. कार्डाच्या एका बाजूस केवळ पत्ता लिहिण्याचा नियम असल्यामुळे मजकुरासाठी चित्राचीच जागा खर्ची पडत असे. १९०२ मध्ये ब्रिटनने आणि १ मार्च १९०७ पासून अमेरिकेने पत्त्याची बाजू दुभागण्यास मान्यता दिली. डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता आल्यामुळे दुसरी संपूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली. टपाल खात्याने मारलेल्या एका उभ्या रेषेने नवा उद्योग जन्माला घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच सुमारास तंत्रातही अनुकूल बदल झाले. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्यामुळे काच ओली असतानाच प्रतिमा टिपण्याची सक्ती संपली. गॅसच्या किंवा दिव्याच्या उजेडात छापता येणारा कागद आला. लिओ बेकलँड यांचा 'व्हेलॉक्स' कागद हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून १८९९ मध्ये ईस्टमन यांनी त्याचे हक्क विकत घेतले. १९०२ पासून कोडॅकने पाठीवर पोस्टकार्डाचा मजकूर आधीच छापलेला छायाचित्रणाचा कागद विकण्यास प्रारंभ केला आणि १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्याच मापाची, म्हणजे सव्वातीन बाय साडेपाच इंचांची प्रतिमा घेणारा घडीचा कॅमेरा आणला. आता काच किंवा फिल्म या कागदावर थेट ठेवून उजेड दाखविला, रसायनांतून काढून धुतली-वाळविली, की पोस्टकार्ड तयार होई. छापखाना, ब्लॉक, शाई वा यंत्र यांपैकी कशाचीही गरज उरली नाही.

ब्रूम कुटुंबाचा व्यवसाय

क्रिस्टिना ब्रूम यांचा जन्म १८६२ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात एका स्कॉटिश कुटुंबात झाला. १८८९ मध्ये त्यांचा विवाह अल्बर्ट ब्रूम यांच्याशी झाला आणि पुढील वर्षी कन्या विनिफ्रेड हिचा जन्म झाला. अल्बर्ट यांच्या कुटुंबाचा लोखंडी सामानाचा धंदा होता. तो बुडाला. त्यानंतरचे इतर प्रयत्नही फसले. अल्बर्ट यांच्या पायाची दुखापत बरी न झाल्यामुळे कष्टाची कामे त्यांना जमेनाशी झाली. अशा स्थितीत १९०३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, क्रिस्टिना यांनी एक पेटी-कॅमेरा उसना घेतला आणि कोणत्याही औपचारिक शिक्षणाशिवाय छायाचित्रणाची प्राथमिक कौशल्ये आत्मसात केली.

१९०४ पासून बकिंगहॅम राजवाड्याच्या 'रॉयल म्यूज' या शाही अश्वशाळेपाशी त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या पोस्टकार्डांची मांडणी सुरू केली. हे विक्रीस्थान १९३० पर्यंत टिकले. १९०४ मध्येच राजरक्षक पलटणींच्या अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, चेल्सी बराकीत त्यांना अंधारखोली मिळाली आणि हे काम त्यांनी १९३९ मधील निधनापर्यंत सांभाळले. फुलहॅम येथील घरात कोळसा साठविण्याची खोली हीच त्यांची दुसरी अंधारखोली होती.

या व्यवसायातील श्रमविभागणी मुळातून पाहण्यासारखी आहे. जड कॅमेरा, तिपाई आणि काचा घेऊन फिरणे व छायाचित्र टिपणे हे काम क्रिस्टिना यांचे होते. विनिफ्रेडने आईला मदत करण्यासाठी शाळा सोडली. कार्डे छापण्यात तिचा मोठा हातभार होता. घरी बसून करता येण्याजोगे काम म्हणून अल्बर्ट यांनी कार्डांवरील ओळी आपल्या सुबक हस्ताक्षरात लिहिण्याची जबाबदारी घेतली. नवरा घरात आणि बायको रस्त्यावर, अशी ही मांडणी तत्कालीन मध्यमवर्गीय संकेतांच्या नेमकी उलट होती. असे असूनही कार्डांवर नाव उमटे ते 'मिसेस अल्बर्ट ब्रूम' असे. १९१२ मध्ये अल्बर्ट यांचे निधन झाल्यानंतरही हे व्यावसायिक नाव बदलले नाही. बाजारात पत वाढविण्यासाठी पतीचे नाव उपयोगी पडत असेल. तथापि ज्या स्त्रीच्या श्रमावर घर उभे होते, तिचे स्वतःचे नाव तिच्याच मालावर नव्हते, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. विनिफ्रेडच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही.

लहान उत्पादनाचे अर्थकारण

एका रात्रीच्या बैठकीत ब्रूम यांनी १,००० कार्डे छापल्याची नोंद आहे. रात्र आठ तासांची धरली तर हा वेग मिनिटाला दोन कार्डांचा होतो. प्रत्येक कार्डाला उजेड दाखविणे, विकासक द्रावण, स्थिरक द्रावण, धुणे आणि वाळविणे या सर्व क्रियांतून जावे लागते. हे ध्यानात घेतले म्हणजे कोळशाच्या खोलीतील श्रमांची कल्पना येते. किरकोळ विक्रीचा दर एक पेनी गृहीत धरला तर या १,००० कार्डांचे ढोबळ उत्पन्न चार पौंड तीन शिलिंग चार पेन्स होते. यातून कागद, काचा, रसायने आणि न खपलेला माल यांचा खर्च वजा जाता उरेल ती कुटुंबाची कमाई.

येथे ब्लॉकवरून होणारी छपाई आणि छायाचित्र-कागदावरील छपाई यांतील मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. छापखान्यात ब्लॉक किंवा शिळा तयार करण्याचा खर्च आधी करावा लागतो, म्हणून शेकडो-हजारो प्रती काढल्याशिवाय ते काम परवडत नाही. प्रती वाढतील तसा प्रत्येक प्रतीचा खर्च मात्र घटत जातो. छायाचित्र-कार्डाचे गणित याच्या उलट असते. पहिल्या प्रतीला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच हजाराव्या प्रतीला. त्यामुळे प्रचंड खपाच्या बाजारात घरगुती उत्पादक स्पर्धा करू शकत नाही. पण ज्या चित्राच्या केवळ वीस प्रती खपणार आहेत, तेथे छापखाना येऊच शकत नाही आणि तो बाजार पूर्णतः लहान उत्पादकाच्या हाती राहतो. यास वेगाचीही जोड मिळते. दुपारच्या मिरवणुकीचे कार्ड दुसऱ्या दिवशी विक्रीस ठेवता येते.

'खरे छायाचित्र' एवढ्यानेच लहान उत्पादकाची ओळख पटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ब्रिटनमधील रोटरी फोटोग्राफिक कंपनीसारख्या संस्था लांबलचक कागदी गुंडाळ्यांवर यंत्राने खरी छायाचित्रे छापून नट-नट्यांची कार्डे प्रचंड संख्येने विकत होत्या. म्हणजेच दोहोंतील फरक तंत्रापेक्षा ग्राहकाशी असलेल्या नात्यात अधिक होता. नटीचे कार्ड घेणारा तिला ओळखत नसे. ब्रूम यांच्याकडील सैनिक मात्र स्वतःचे, स्वतःच्या तुकडीचे कार्ड घेत असे. चित्रातला माणूस आणि गिऱ्हाईक एकच असणे, हे या व्यवसायाचे खरे भांडवल होते. कार्डाची किंमत कागदावर ठरत असली तरी त्याचे मोल ओळखीवर अवलंबून होते.

गिऱ्हाईक आणि काळ : सैनिक व मताधिकारवादी स्त्रिया

ब्रूम यांनी आयुष्यभरात सुमारे ४०,००० छायाचित्रे घेतल्याचे सांगितले जाते. छत्तीस वर्षांची कारकीर्द धरता ही सरासरी दिवसाला तीन प्रतिमांची येते. राजघराण्यातील समारंभ, ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यत, रस्त्यावरील दृश्ये आणि बराकीतील जीवन असा त्यांचा विषयविस्तार होता. त्यांपैकी दोन समूहांचा येथे विशेष उल्लेख करणे आवश्यक आहे.

पहिला समूह राजरक्षक पलटणींतील सैनिकांचा. शांततेच्या काळात बराकीतील गटचित्रे ही घरी पाठविण्याची हौसेची वस्तू होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि तोच कागद वेगळ्या अर्थाने बोलू लागला. आघाडीवर निघालेल्या तुकड्यांची, निरोप घेणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे ब्रूम यांनी घेतली. जे सैनिक परतले नाहीत, त्यांच्या घरी हे खुशालीचे कार्डच अखेरची प्रतिमा म्हणून उरले. शुभेच्छापत्राचे स्मृतिचिन्हात झालेले हे रूपांतर उत्पादकाने योजलेले नव्हते. ते काळाने घडविले.

दुसरा समूह स्त्रियांच्या मताधिकार चळवळीचा. २१ जून १९०८ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये मताधिकारवादी स्त्रियांची प्रचंड सभा झाली. मे १९०९ मध्ये नाइट्सब्रिज येथे त्यांचे प्रदर्शन भरले. चळवळीच्या मिरवणुका, प्रदर्शनातील दालने आणि कार्यकर्त्या यांची ब्रूम यांनी टिपलेली छायाचित्रे कार्डांच्या रूपाने प्रसृत झाली. चळवळीच्या संघटनाही नेत्यांची छायाचित्र-कार्डे आपल्या दुकानांतून विकून निधी उभारत आणि प्रचार साधत. वृत्तपत्रांत या स्त्रियांची टवाळी करणारी व्यंगचित्रे येत असताना छायाचित्र-कार्डावर त्या नीटनेटक्या पोशाखात, निश्चयी चेहऱ्याने दिसत. अर्ध्या पेनीच्या तिकिटावर हे प्रतिउत्तर घरोघर पोहोचत होते.

प्रतिमेवरील हक्काचा प्रश्न

ब्रिटनमध्ये १८६२ च्या कायद्याने छायाचित्रांना स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळाले. परंतु त्यासाठी नोंदणी आवश्यक होती. दररोज नवनव्या प्रतिमा काढणाऱ्या लहान उत्पादकाला प्रत्येकीची नोंदणी करणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. १९११ च्या कायद्याने नोंदणीची अट काढून टाकली आणि मूळ काच तयार झाल्यापासून पन्नास वर्षे संरक्षण दिले. मात्र दोन्ही कायद्यांत एक तत्त्व समान राहिले. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा.

यामुळे लहान उत्पादकाच्या दोन प्रकारच्या कामांत कायदेशीर भेद निर्माण झाला. सैनिकाने पैसे देऊन काढविलेल्या छायाचित्राचा मालक तो सैनिक. रस्त्यावरील मिरवणुकीचे स्वतःहून काढलेले छायाचित्र मात्र छायाचित्रकाराचे. मिरवणुकीत चालणाऱ्या स्त्रीचा त्यावर काहीच अधिकार नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील सतराव्या कलमातही मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राबाबत हेच तत्त्व आढळते. म्हणजे आपल्याकडील जुन्या स्टुडिओंच्या संग्रहांचा अभ्यास करणाऱ्यालाही या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

व्यवसायाची दुसरी बाजू

ग्राहकाच्या निकट असणे हे लहान उत्पादकाचे बळ होते, असे वर म्हटले आहे. पण निकटता ही आपोआप सद्गुण ठरत नाही. समकालीन अमेरिकेतील दोन उदाहरणे या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

वॉल्टर हॉर्न हा क्षयाने आजारी असलेला तरुण हवापालटासाठी टेक्सासमधील एल पासो येथे आला आणि पोस्टकार्डे विकू लागला. मेक्सिकोतील क्रांतीमुळे सीमेवर घडणाऱ्या चकमकी हा त्याचा माल बनला. १५ जानेवारी १९१६ रोजी सीमेपलीकडील स्यूदाद ह्वारेस येथे तिघांना गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्या प्रसंगाची क्रमवार कार्डे त्याने हातोहात विकली. मार्च १९१६ मध्ये पांचो व्हिया यांच्या माणसांनी कोलंबस गावावर हल्ला केल्यानंतर अमेरिकन फौजा सीमेवर जमल्या आणि घरी कार्ड पाठविणाऱ्या हजारो सैनिकांची बाजारपेठ त्याला आयती मिळाली. त्या वर्षी त्याचे उत्पादन दिवसाला सुमारे ५,००० कार्डांपर्यंत पोहोचले होते.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १५ मे १९१६ रोजी टेक्सासमधील वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला हजारोंच्या जमावाने हालहाल करून जाळले. फ्रेड गिल्डरस्लीव्ह या स्थानिक छायाचित्रकाराने त्याची छायाचित्रे घेतली आणि ती पोस्टकार्डांच्या रूपाने विकली गेली. १९०८ मध्येच अमेरिकन काँग्रेसने हत्येस चिथावणी देणारा मजकूर टपालाने पाठविण्यास बंदी केली होती, तरी अशा कार्डांचा व्यापार थांबला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने एलिझाबेथ फ्रीमन यांना चौकशीसाठी वेकोला पाठविले. फ्रीमन या स्वतः मताधिकार चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी जुलै १९१६ मध्ये 'द क्रायसिस' या नियतकालिकाची विशेष पुरवणी काढून तीच छायाचित्रे गुन्ह्याचा पुरावा म्हणून जगासमोर मांडली.

एकच प्रतिमा जमावाच्या हाती फुशारकीचे कार्ड होती आणि दुबॉइस यांच्या हाती आरोपपत्र. तंत्र, कागद, दर आणि टपाल या सर्व बाबतींत वेकोचे कार्ड आणि ब्रूम यांचे कार्ड यांत फरक नव्हता. फरक होता तो चित्रातील माणसाच्या स्थानाचा. ब्रूम यांच्या कार्डातील सैनिक ग्राहकही होता. वेकोच्या कार्डातील मुलगा केवळ माल होता. चित्रातला माणूस ग्राहक असतो तेव्हा त्याची संमती व्यवहारातच अनुस्यूत असते. तो ग्राहक नसेल तर त्याच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. सोजर्नर ट्रुथ यांनी स्वतःच्या छायाचित्राचा हक्क नोंदविण्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते.

महाराष्ट्राच्या संदर्भात काही निरीक्षणे

मुंबईत छायाचित्रणाची सुरुवात युरोपच्या फारशी मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तथापि मराठी माणसाच्या घरात चित्र पोहोचविण्याचे मोठे कार्य केले ते शिळाछापाने. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला आणि फ्रिट्झ श्लायखर यांच्या ताब्यात आला. देवदेवतांचे एकच चित्र हजारो घरांत जाणे हे शिळाछापाच्या अर्थकारणाशी सुसंगत होते. याउलट मुंज, लग्न, वार्षिक स्नेहसंमेलन किंवा निवृत्तीचा निरोपसमारंभ यांची मोजक्या प्रतींची गरज भागविली ती गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी. जुन्या कौटुंबिक संग्रहांत पाठीवर 'पोस्ट कार्ड' असे छापलेली जी कौटुंबिक छायाचित्रे आढळतात, ती या दुसऱ्या परंपरेची साक्ष देतात.

दादासाहेब फाळके यांनी या दोन्ही परंपरा अनुभवल्या होत्या. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, प्लेगमध्ये पत्नी व अपत्य गमावल्यावर तो सोडला आणि पुढे ब्लॉक व मुद्रणाच्या क्षेत्रात काम केले. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे घरातच केली. लंडनमधील विनिफ्रेड ब्रूम आणि दादरच्या सरस्वतीबाई फाळके यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरीही दोघींचे श्रम एकाच प्रकारे झाकले गेले. प्रतिमानिर्मितीच्या गृहोद्योगात अंधारखोली ही पुष्कळदा घरातील स्त्रीची जागा होती, असे या साम्यावरून सुचविता येते.

ऱ्हास आणि जतन

पोस्टकार्डाच्या सुवर्णकाळाला महायुद्धाने ओहोटी लावली. जून १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये कार्डाचा टपालदर अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला. म्हणजे १८७० पासून अबाधित असलेला दर एका फटक्यात दुप्पट झाला. वृत्तपत्रांतून छायाचित्रे नियमित येऊ लागली. दूरध्वनीचा प्रसार झाला. अमेरिकेत हॉल बंधूंसारख्या व्यावसायिकांनी पोस्टकार्डांचा व्यापार मागे टाकून पाकिटात घालून पाठविण्याच्या घडीच्या शुभेच्छापत्रांकडे मोर्चा वळविला. हाच उद्योग पुढे 'हॉलमार्क' या नावाने प्रसिद्ध झाला. ब्रूम यांनी काळाबरोबर पावले टाकली. १९२० व १९३० च्या दशकांत त्यांची छायाचित्रे 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज', 'टॅटलर', 'कंट्री लाइफ' अशा नियतकालिकांत प्रसिद्ध होत राहिली. ब्रिटनमधील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा आज गौरव केला जातो.

हा गौरव शक्य झाला तो विनिफ्रेडमुळे. आईच्या निधनानंतर काचा आणि छापील प्रती सार्वजनिक संस्थांत सुरक्षित राहाव्यात यासाठी तिने प्रयत्न केले. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, इम्पीरियल वॉर म्युझियम, नॅशनल आर्मी म्युझियम अशा संस्थांत ही छायाचित्रे आहेत. २०१५ मध्ये म्युझियम ऑफ लंडन डॉकलँड्स येथे सैनिक आणि मताधिकारवादी स्त्रिया या दोन विषयसूत्रांभोवती त्यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरविण्यात आले. ज्या मुलीने शाळा सोडून कार्डे छापली, तिनेच इतिहासाची साधने जपली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. छायाचित्र-कार्डांचा लहान उत्पादक ही मोठ्या कंपनीची अपूर्ण अवस्था नव्हती. प्रतींची संख्या वाढूनही न घटणारा खर्च, जलद निर्मिती आणि ओळखीचा ग्राहक यांवर आधारलेले त्याचे अर्थकारण स्वतंत्र होते.

२. हा व्यवसाय तंत्राइतकाच टपाल नियमांवर अवलंबून होता. दुभागलेली बाजू आणि स्वस्त दर यांनी तो वाढविला. दरवाढीने त्याच्या उतरणीला हातभार लावला.

३. कुटुंबातील, विशेषतः स्त्रियांच्या, श्रमांवर हा गृहोद्योग उभा होता. कार्डावरील नावावरून त्या श्रमांचा बोध होत नाही. म्हणून अशा साधनांचा अभ्यास करताना छापील नावामागील घराचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

४. स्वस्त आणि सुलभ प्रतिमानिर्मिती स्वभावतः लोकहिताची नसते. चित्रातील व्यक्तीला व्यवहारात कोणते स्थान आहे, यावर तिची नैतिक किंमत ठरते. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असताना वेकोचा हा धडा केवळ भूतकाळाचा राहत नाही.

महाराष्ट्रातील तालुका-जिल्ह्याच्या गावांत बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंतील काचा व फिल्म अनेकदा रद्दीत जातात किंवा ओलाव्याने नष्ट होतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे अशा संग्रहांची नोंद घेतली, चित्रातील व्यक्तींची आणि प्रसंगांची नावे हयात वृद्धांकडून लिहून घेतली, आणि अंधारखोलीत काम करणाऱ्यांचीही नावे त्यात न विसरता टिपली, तर स्थानिक इतिहासाचे एक मौलिक साधन हाती येईल. प्रत्येक स्टुडिओला विनिफ्रेड लाभत नाही. ते काम आता अभ्यासकांनाच करावे लागेल.